पेठेचा गोल शिक्का

...आन वर माझाच सत्कार! म्हंजे बघा तुमी. नको नको म्हणत असताना धरून स्टेजवर चढिवला, शाल घातली, नारळ दिला, फेटा बांधला, आन चौकात ह्यो भला मोठा डिजिटल बोर्ड लावला, त्यात माझा फोटो, खाली काय तर 'पोष्ट वाचवणारा ढाण्या वाघ'... सदुसष्ट वर्षांचा मानूस मी, दोन्ही गुडघं गेल्यात, जिना चढताना कठडा धरतोय, आन मला वाघ म्हणाल्यात. त्या बोर्डाखालनं जाताना माझ्या जिवाला काय हुतंय ते कुणी इचारलं का? न्हाय. बसा पावणं, च्या यालाय, बसा. तुमास्नी सांगतो, त्या शालीची घडी मी अजून मोडलेली न्हाय.

तुमी म्हणशीला, सत्कार झाला तर रडालाईस कशाला? सांगतो की. पैल्यापासनं सांगतो, न्हायतर तुमी बी त्या बोर्डावरचंच खरं धरून गावाला जाशीला.

मी बाळासो. मी तिकिटं जमवतो. पोष्टाची. पन्नास वर्षं हुत आली. आता तिकिटं जमवणारी लई हाईत, शाहूपुरीत एक डॉक्टर हाईत, त्यांच्याकडं जगातली तिकिटं, फुलपाखरांची, रॉकेटची, कुठल्या कुठल्या राणीची, सगळी कोरी करकरीत, प्लास्टिकात घातलेली, चिमट्यानं धरायची, त्येस्नी आपला श्वास सुदीक लागू द्यायचा न्हाय. मला एकदा बघायला बोलावलंतं. मी म्हणलं, डॉक्टरसाब, झाक हाय, खरं ह्यातलं एक तरी तिकीट कवा घराबाहीर पडलंय का? ते म्हणालं, 'अहो बाळासो, वापरलं की किंमत जाते.' किंमत जाते म्हणं... म्हंजे अंगाला माती न लागलेला पैलवान, लंगोट इस्त्री करून ठेवलाय नुसता. तिकिटानं पत्र न्यायला पायजे, शिक्का खायला पायजे, मग ते तिकीट. कोरं तिकीट मी अल्बमात घेतच न्हाय, माझा नियमच हाय तसा.

आन शिक्का कुठला? तर आमच्या पेठेतल्या पोष्टाचा. ते बारकं पोष्ट, गल्लीच्या तोंडाला, तीन पायऱ्या, एक काउंटर, वर पंखा करकर करतोय. तितला गोल शिक्का. वर पेठेचं नाव, मधी तारीख. मी फौंड्रीत चाळीस वर्षं पॅटर्न केलं, लाकडाचा साचा, दोऱ्याएवढा फरक पडला तर शेठ लाकूड अंगावर फेकायचा, त्या माझ्या डोळ्याला त्या शिक्क्यात कवा खोट गावली न्हाय. आन शिक्का मारणारा कोण, तर बाबालाल. आमचा पोष्टमन. सकाळी आधी शिक्कं मारायचं, मग सायकल काढून टपाल वाटायचं. दुसरी मारत्यात ते कसं, धपाधप, शाई पसरली, तारीख गेली, तिकिटाचं तोंड काळं. बाबालालचं तसं न्हाय. शाईच्या गादीवर एकदा, रद्दी कागदावर एकदा, जादाची शाई तितं सोडायची, आन मग तिकिटाच्या कोपऱ्यावर अलगद. मला इचारायचा, 'बाळूदा, कुठं घिऊ, डाव्या अंगाला का उजव्या?' असं इचारणारा मानूस आता कुठं गावतोय सांगा.

मग पत्र पाठवायचं कुणाला? शिक्का पडतोय ज्या पोष्टात पत्र टाकलं तितला. म्हंजे पत्र हितनं बाहीर जायला पायजे, आन पाकीट फिरून माझ्याकडं यायला पायजे. माझी थोरली भण हाय नेसरीला, चिमणाबाई, आमची आक्का. म्हणलं झालं काम. दर म्हैन्याच्या एक तारखेला आक्काला पत्र. आन पत्रात काय? 'आक्कास साष्टांग नमस्कार. आम्ही खुशाल. पाकीट जपून ठेवणे. तिकीट फाडू नये. तुझा बाळू.' संपलं. पुढच्या म्हैन्याला हेच. वरची तारीख तेवढी बदलायची. आक्का पाकिटं बिस्किटाच्या डब्यात ठेवायची, भाऊबीजेला मी गेलो की पैला डबा हातात, मग ओवाळणी. आक्का म्हणायची, 'मुडद्या, भणीला बघायला आलाईस का डब्याला?' मी म्हणायचो दोघास्नी. मग हितं येऊन पाकिटाचा तुकडा ताटात पाण्यात भिजवायचा, तिकीट सुटलं की पेपरावर वाळवायचं... आमची मंडळी वराडायची, 'जेवायच्या ताटात तिकिटं पोहवालाय, उद्या कालवणात शिक्का निघंल!' वराडू दे. मी ऐकलंय कवा?

म्हैन्याला एक तिकीट. वर्षाला बारा. पन्नास वर्षाला सहाशे. एका पोष्टाचा, एकाच शिक्क्याचा, एक म्हैना न चुकता सहाशे तिकिटांचा अल्बम... डॉक्टरांकडं न्हाय, आन डॉक्टरांच्या राणीकडं बी न्हाय. पोराच्या लग्नात अंगाला हळद असताना जाऊन पत्र टाकून आलो. महापुरात पोष्टात कमरंएवढं पाणी हुतं, त्या म्हैन्याचं एक तारखेला टाकलंतं म्हणून वाचलं. पाचशे एकोणनव्वद झाली. अकरा ऱ्हायली. नुसतं अकरा म्हैनं, पावणं. आन तवा हे सगळं सुरू झालं.

एक तारखेला पाचशे एकोणनव्वदावं टाकाय गेलतो. आमची पोष्टमास्तरीण, संयोगिता मॅडम, वयानं आमच्या सुनंएवढी, खरं कामाला चोख. बाजूला घेऊन मला म्हणाली, 'काका, तुम्हाला म्हणून सांगते. आपलं पोस्ट बंद करून मोठ्या ऑफिसात विलीन करायचं चाललंय. टपालच नाही. दिवसाला सहा पत्रं पडतात. खातं तोट्यात आहे.'

पोष्ट तोट्यात हाय म्हणं! आता मला सांगा, ह्या पेठेत फायद्यात कोण हाय? आमची तालीम ऐंशी वर्षं तोट्यात हाय, कुलूप घातलं का? आमची फुटबॉलची टीम आठ वर्षं पैल्या फेरीतनं घरी यालीया, खरं मॅचला सगळी पेठ जातीया का न्हाय? घरातलं म्हातारं मानूस तोट्यातच असतंय, खातंय, खोकतंय, कमवत काय न्हाय... म्हणून काय त्याला शेजारच्या घरात विलीन करायचं?

मॅडम म्हणाली, 'माझ्यावर का ओरडताय? ऐका तर. सोमवारपासून मोजणी आहे. सहा दिवस साहेब रोजचं टपाल मोजणार. दिवसाला चाळीस पत्रं दिसली तर हात लावणार नाहीत, आहे तसं चालू राहील. पण काका, चाळीस-पन्नासच हं. जास्त नको.'

चाळीस-पन्नासच. जास्त नको. आता एवढं सरळ बोलणं, बारक्या पोरालाबी कळंल. खरं ते बोलली कुणाला, तर कोल्हापूरच्या माणसाला.

गेलो तालमीच्या कट्ट्यावर. आमची ती खालची तालीम. पोरं मोबाईल घेऊन बसलेली. म्हणलं, लेकानू, पत्रं लिवायची. पोरं माझ्याकडं बघाल्यात. एक म्हणतोय, 'काका, पत्ता पुढं लिवायचा का मागं?' दुसऱ्यानं नुसता मोबाईल नंबर लिवला, म्हणला, 'फोन करतील की ते, आल्यावर.' तिसरा तर मला म्हणतोय, 'काका, त्या आक्कांचं लोकेशन टाका की.' आरं लोकेशन काय लोकेशन, मुक्काम पोष्ट लिव! डोक्याला हात लावला. मग एकेकाला जवळ बसवून शिकवलं, पिनकोड घालाय लावला, आन म्हणलं, कुणालाबी लिवा, काय बी लिवा, खरं दिवसाला चाळीसच.

सोमवारी चव्वेचाळीस पत्रं पडली. मोजणीचं साहेब आलं, चष्मा वर केला, खाली केला, लिवून घेतलं. मॅडमनं माझ्याकडं बघून हळूच मान हलवली. बाबालालनं चव्वेचाळीस शिक्कं अलगद मारलं. मी घरात येऊन मंडळीला म्हणलं, वाचलं बघ पोष्ट. तितंच गप बसलो असतो तर आज तुमास्नी हे सांगत बसलो नसतो.

खरं मी पोरास्नी म्हणलतं, कुणालाबी लिवा. आता आमच्या पोरांच्या मनात दुसरं कोण असणार? पेठेच्या वरल्या टोकाची ती वरची तालीम! चव्वेचाळीसातली चाळीस कार्डं गेली वरच्या तालमीचा केरबा, त्याच्या पत्त्यावर. ह्यो केरबा म्हंजे म्हशीवाला, चौदा म्हशी, रोज कट्ट्यावर म्हशी उभ्या करून समोर धार काढून दूध देतोय, आवाज असा की म्हैस बिचकती. मंगळवारी बाबालाल तितं गेला, हातात चाळीस कार्डं. केरबा म्हणतोय, 'काय रं बाबालाल, इलेक्शन लागलं काय?' आन वाचाय घेतलं. पैल्या कार्डावर, 'मॅचमधी पाच गोल खाल्लासा, पचलं का?' दुसऱ्यावर, 'तुमचा गोलकीपर हाय का बुजगावणं?' तिसऱ्यावर काय हुतं ते मी तुमास्नी सांगत न्हाय, च्या प्यालाईसा. केरबानं धार अर्ध्यात सोडली. म्हैस लाथ मारायची ऱ्हायली.

बुधवारी वरच्या तालमीनं एकशे वीस कार्डं टाकली. त्यातली चौदा म्हशींच्या नावानं! खरं सांगतो, मी डोळ्यानं बघितलं. 'पाठवणार, हरणी म्हैस. आमचं दूध पिऊन खेळायला या, नुसता च्या पिऊन मॅच मारत न्हाईत.' आता हे वाचून आमची पोरं गप बसत्यात व्हय? मॅडम म्हणाली, 'काका, दोनशे झाली. पुरे करा.' मी म्हणलं व्हय, व्हय, सांगतो. आन कट्ट्यावर येऊन काय सांगितलं? म्हणलं, त्या म्हशीला उत्तर कोण देणार?

गुरुवारी पाचशे. शुक्रवारी तर पेठेतली कार्डंच संपली. पोरं मोटारसायकली काढून दुसऱ्या पोष्टातनं गठ्ठं घेऊन आली, एकजण गडहिंग्लजपातूर गेलता. पोष्ट तोट्यात हाय म्हणं! अहो, त्या चार दिवसात एवढी कार्डं खपली की बाबालालचं मनगाट सुजलं. हळदीचा लेप लावून आलता बिचारा. घरात बेगमभाभी मला शिव्या घालत हुती, 'तुमारे डाक के नाद में मेरे आदमी का हात गया.' म्हणलं, भाभी, एक दिवस ऱ्हायलाय. बाबालाल म्हणतोय कसा, 'बाळूदा, तीस वर्षांत एवढं शिक्कं मारलं न्हाईत मी. खरं पुसट एक बी न्हाय.'

आन शनिवार उजाडला. शेवटचा दिवस. वरची तालीम दोनशेनं पुढं. केरबानं पोष्टाच्या पायरीवर हुबं ऱ्हाऊन स्पीकरवरनं बोंबललं, 'खालची तालीम तोट्यात हाय!'

तोट्यात. हा शब्द माझ्या टाळक्यात गेला बघा. सगळं सोडून तोट्यात? मग मी माझा ऱ्हायलो न्हाय. मंडळीला बसवलं लिवायला, सून अनुजाला ऑफिसातनं अर्ध्या दिवसाची रजा टाकायला लावली, तालमीत सतरंजी आंथरून पंचवीस मानसं, दुपारचं जेवाण बी तितंच, कार्डं पुढं सरकवायची, पत्ता घालायचा, टाकायचं. पत्ता कुणाचा? पेठेत जेवढी दारं तेवढे पत्ते. ज्याच्या शेजारी बसून लिवालोय त्यालाच पत्र. 'तू समोर बसलाईस. बाकी खुशाल.' पेटीचं तोंड मिटंना, वरनं काठीनं दाबाय लागली. मॅडम दारात आली, हात जोडून म्हणाली, 'काका, मी चाळीस सांगितली होती.' आन पावणं, मी काय म्हणावं? म्हणलं, मॅडम, आता प्रश्न पोष्टाचा ऱ्हायला न्हाय. आता तालमीच्या इज्जतीचा हाय.

एक्क्याण्णव कार्डांनी जिकलो. हलगी लावली, गुलाल उधळला, मला खांद्यावर घेतला. सहा दिवसात साडेतीन हजार. साहेबांनी मोजायचं शेवटी शेवटी सोडून दिलं, वजनावरच घेतलं म्हणत्यात.

पंधरा दिवसांनी वरनं ऑर्डर आली. पत्र न्हाय, ईमेल आला, बघा म्हंजे. मॅडमनं मला वाचून दाखवला. 'सदर कार्यालयातील टपालाचे वाढते प्रमाण लक्षात घेता, कार्यालय कायम ठेवून त्याचे आधुनिकीकरण करण्यात येत आहे.' मी म्हणलं, शाब्बास, आधुनिकीकरण म्हंजे पंखा बदलत्यात काय? मॅडम परत ईमेलच वाचाय लागली. म्हणलं, बोला की. म्हणाली, 'काका, मशीन येतंय. पाकीट वजनाला ठेवायचं, स्टिकर छापून चिकटवायचा. काउंटरला तिकीट ठेवायचं नाही. पेटीतलं टपाल सगळं मोठ्या ऑफिसात, तिथं मशीन शिक्का मारतं.' त्या मशीनचा शिक्का तुमी बघितलाय? पाण्याच्या लाटा असत्यात नुसत्या, पेठ न्हाय का गल्ली न्हाय. म्हणलं, आन आपला गोल? म्हणाली, 'तो जमा करायचा. चाळीस पत्रं असती तर सगळं आहे तसंच राहिलं असतं, काका. एवढं टपाल हातानं होत नाही, असं साहेबांनी लिहिलंय.'

पोष्ट तोट्यात हाय म्हणं. मग मशीन कुठनं आलं? पंख्याला तेल घालाय नसतंय ह्यांच्याकडं, आन मशीन येतंय टेम्पोतनं, थर्माकोलात गुंडाळून! मी भांडलो. मोठ्या ऑफिसात गेलो, अर्ज दिला. तितला बाबू म्हणतोय, 'आजोबा, तुमच्या मागणीप्रमाणेच सुविधा वाढवली आहे.' आरं माझी मागणी कुठं हाय त्यात दाखीव की. तर त्यानं साडेतीन हजार कार्डांचा आकडाच दाखवला. मागणी म्हंजे ती.

शिक्का जमा करायच्या आदल्या दिवशी बाबालाल घरी आला. रुमालात गुंडाळून शिक्काच घेऊन आलता, कुणाला न सांगता. म्हणाला, 'बाळूदा, तारखंचं आकडं फिरतात. पुढचं अकरा म्हैनं आत्ताच मारून देतो. पुरं कर तुझं सहाशे. कुणाला कळणार हाय?' समोर अल्बम उघडा. आक्काच्या डब्यातली धरून पाचशे एकोणनव्वद भरलेली, अकरा घरं मोकळी. तिकिटं बी हुती माझ्याकडं. शिक्का हातात घेतला, पेठेच्या नावावरनं अंगठा फिरवला. आन म्हणलं, न्हाय बाबालाल. न निघालेल्या पत्राचा शिक्का घिऊ व्हय मी? मग त्या डॉक्टरांच्यात आन माझ्यात फरक काय ऱ्हायला? बाबालालनं शिक्का परत गुंडाळला. दोघंबी रडलो, लपवत न्हाय मी तुमच्यापासनं. दुसऱ्या दिवशी त्यानं तो सायकलवरनं नेऊन दिला आन पावती आणली.

आन ह्या येड्यांनी त्याच आठवड्यात सत्कार ठेवला. दोन्ही तालमींनी मिळून! फेटा बांधला तो केरबानं सोताच्या हातानं. मला माईक दिला, मी म्हणलं, मंडळी, माझा शिक्का गेला... तर टाळ्या. म्हणलं, अकरा ऱ्हायली हुती... आनखी टाळ्या. हलगी सुरू झाली. बसलो खाली.

पुढची एक तारीख आली. मी गेलो न्हाय पोष्टाकडं. कशाला जायचं? सात तारखेला नेसरीवरनं फोन. आक्का कवा फोन करत न्हाय, शेजारणीच्या फोनवरनं केलता. 'बाळू, मेलास का काय?' म्हणलं न्हाय, आक्का. 'पत्र आलं न्हाय ते?' म्हणलं, आक्का, पोष्टाचा शिक्का गेला. आता तिकीट बी न्हाय. तू पाकिटं ठिऊ नकोस. आक्का म्हणाली, 'पाकीट मरू दे. पत्र कुठं हाय?' म्हणलं, पत्रात काय असायचं ग, आम्ही खुशाल एवढंच की. तर आक्का म्हणती, 'मग? न्हाईस खुशाल?'

पावणं, पन्नास वर्षं मी हिला तिकिटाचं पाकीट पाठवालोय, आन ही तितं पत्राची वाट बघालीया. 'गल्ली इचारती मला,' म्हणाली, 'भावाचं आलं काय म्हणून. आता काय सांगू? पोष्ट तोट्यात हाय म्हणून भाऊ बी बंद पडला?'

बसलो लिवायला. आक्कास साष्टांग नमस्कार, इथवर हात सवयीनं गेला. आम्ही खुशाल म्हणून लिवाय गेलो आन पेन थांबलं. खोटं कसं लिवू भणीला? म्हणून मग जे झालं ते लिवलं. डॉक्टर, मॅडम, केरबा, त्याच्या म्हशी, बाबालालचं मनगाट, मोकळी अकरा घरं, तो बोर्ड... मंडळी दोनदा च्या घेऊन आली, तिला वाटलं मृत्युपत्र लिवालाय. नऊ कागद झालं. दोन्ही बाजूनं. आयुष्यात पैल्यांदा.

पाकीट घेऊन काउंटरला गेलो. मॅडमनं मशीनवर ठेवलं, आकड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, म्हणाली, 'काका, वजन जास्त भरतंय. दोन स्टिकर लागतील. लावू?'

लावा म्हणलं, मॅडम... खरं सरळ लावा तेवढं.